तळ्यातलं काय काढायचं, काय ठेवायचं





या पंधरवड्याचा अभ्यासपाठ लिहायची पाळी माझी आहे. विषय दिला आहे ‘पर्यावरण आणि सेवा’. हा विषय मिळाला की आपण सगळे काय लिहितो ते मला ठाऊक आहे, कारण मीही ते दोनदा लिहिलं आहे. झाडं लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा. वाचणारा हात जोडल्याचं चित्र पाठवतो आणि पुढे जातो. या वेळी मी आपल्याच हातून झालेली एक चूक लिहिते आहे. येत्या रविवारच्या बैठकीत आपल्याला तलावाबद्दल निर्णय घ्यायचा आहे, आणि तीच चूक आपण दुसऱ्यांदा, या खेपेला सिमेंट घालून करू, असं मला भय वाटतं.

*मागच्या उन्हाळ्यातलं श्रमदान*

खैरलांजीतल्या आपल्या वस्तीमागचा तलाव आपण मागच्या उन्हाळ्यात साफ केला, ते आठवतंय ना? चाळीसेक सेवेकरी होते. सकाळी सहाला प्रार्थना झाली, मग विळे, कुदळी, घमेली घेऊन सगळे उतरले. पाणी बरंच आटलं होतं. काठावरचा बेशरम कापला. कमळाचे कांदे उपटले. देवधानाची झुडपं काढली. पाण्याच्या आत लांब लांब शेपट्यांसारखं वाढतं ते हिरवं गवतही पंजाने ओढून बाहेर फेकलं. दुपारी बारापर्यंत तळं असं दिसत होतं जसं घासलेलं ताट. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, दुसऱ्या शाखांकडून कौतुकही आलं. त्या पोस्टचा मजकूर मीच लिहिला होता, म्हणून हे सांगायचा अधिकार मला जास्त आहे.

आपण निघत होतो तेव्हा पाळीवर एक म्हातारे धीवर बाबाजी बसले होते. सकाळपासून तिथेच होते, आपल्यापैकी कोणीच त्यांच्याशी बोललं नव्हतं. मी प्रसाद द्यायला गेले. प्रसाद कपाळाला लावून ते म्हणाले, “बाई, हे घर साफ केलं का घर मोडलं जी?” मला वाटलं, म्हातारपणी माणूस कुरकुरतो. हसून निघून आले.

पुढे काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, फक्त जोडून पाहिलं नाही. बेशरम आपण वरून कापला, मुळं जमिनीतच राहिली. कापलेल्या काड्यांचा ढीग आपण पाळीवरच लावला. बेशरमाची काडी ओल्या मातीत पडली की तिला मूळ फुटतं, नाव उगाच नाही पडलं. पहिल्या दोन पावसांत ढीग हिरवा झाला आणि पोळ्यापर्यंत आधी होता त्याच्या दीडपट बेशरम उभा राहिला. कमळ आणि देवधान मात्र आलं नाही. दिवाळीच्या सुमारास पाण्यावर हिरवट साय धरली, घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनी ‘पाण्याला वास येतो’ म्हणून तोंड फिरवलं. आणि धीवरांच्या जाळ्यात शिंगी, मागूर, मरळ लागेनात. लागल्या त्या आपल्या पत्रावळी.

होय, आपल्याच. गुरुपौर्णिमेच्या भंडाऱ्यातल्या. पत्रावळी आणि द्रोण आणायचं काम माझ्याकडे होतं. कागदाच्या आहेत म्हणून मी निश्चिंत होते, पण त्या चंदेरी कागदावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. कागद कुजला, पापुद्रा राहिला. मंडपामागे टाकलेला ढीग पावसाने तळ्यात गेला. एक धीवर बाई ओल्या पापुद्र्यांची ओंजळ घेऊन माझ्या दाराशी आली आणि काही न बोलता ती ओसरीवर ठेवून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

*बाबाजी काय म्हणत होते*

मी गोंदियाला बी.एस्सी. केलं, वनस्पतीशास्त्र घेऊन. म्हणजे हे मला कळायला हवं होतं. तीस वर्षं स्वयंपाकघरात गेल्यावर पुस्तकातलं पाठ राहतं पण डोळ्यांना दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात जुनी पुस्तकं काढली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाबाजींकडे जाऊन बसले. दोन्हींतून जे समजलं ते सोपं करून सांगते.

आपल्या बांध्यांत आपण युरिया आणि डीएपी टाकतो. पावसाचं पाणी त्यातलं काही धुऊन तळ्यात आणतं. वस्तीची नालीही तिकडेच उतरते, वर निर्माल्य आणि मूर्ती आहेतच. हे सगळं पाण्याला मिळालेलं खत आहे. तळ्यात मुळं धरलेल्या वनस्पती असल्या की हे खत त्या खातात. त्या नसल्या तर ते खातं डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म शेवाळ. ते भराभर वाढतं, पाणी हिरवं होतं, खाली ऊन पोहोचत नाही. मग ते मरून तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात ते याचमुळे.

आता प्रश्न असा की मरळ, शिंगी, मागूर हे तर पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेणारे मासे. कमी प्राणवायूत ते तगतात. मग तेच का गेले? हे कोडं बाबाजींनी सोडवलं. मरळ पाणगवताच्या दाटीत जागा साफ करून तिथे अंडी घालते, आणि पिल्लं मोठी होईतो नरमादी दोघं त्यांच्यावर पहारा करतात. पिल्लांचा लालसर थवा गवतात फिरतो, खाली आईबाप. आपण ते गवत ओढून काढलं. म्हणजे बाळंतिणीची खोलीच उचलून फेकली. बाबाजी बोलले ते शब्दशः खरं होतं.

यात पैशाचाही हिशेब आहे, तो आपल्याला दिसत नाही कारण आपण मासे खात नाही. (आपल्यातले काही खातात, असो.) रोहू, कटला, मृगळ या मोठ्या माशांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तळ्यात ते वाढतात पण पिल्लं देत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज विकत आणून सोडावं लागतं. देशी मासे मात्र तळ्यात आणि पाणी भरलेल्या बांध्यांत आपले आपण वाढतात. त्यांचं बीज फुकट, भाव चांगला, आणि घरच्या पोरांना खायलाही तेच. तळं पंचायतीकडून पट्ट्यावर घेणाऱ्या धीवर घरांसाठी देशी मासा जाणं म्हणजे वर्षाची कमाई अर्धी होणं. आपली एक सकाळची सेवा कोणाच्या चुलीवर जाऊन पडली, ते मला लिहितानाही जड जातंय.

*ही तळी आली कुठून*

माझं माहेर गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. नवेगावबांध तिथून जवळ. लहानपणी आम्ही तिथे बैलगाडीने जायचो. सात टेकड्यांच्या कुशीतलं ते तळं कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं परंपरा सांगते, आणि काठावर त्यांचीच कोलासूर म्हणून पूजा होते. लक्षात घ्या, तळं बांधणाऱ्या माणसाला लोकांनी देव केलं. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन कसायला मिळे, असं जुने लोक सांगतात. कोहळी, पोवार, गोंड, धीवर, सगळ्यांचे हात या कामात आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून अशी सुमारे ७ हजार जुनी तळी आहेत. तिकडे त्यांना मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरं. वैनगंगेच्या अलीकडे, आपल्या बालाघाटातही त्याच घडणीची तळी आणि बोड्या आहेत. नदीच्या दोन्ही बाजूंना पाऊस तोच, धान तोच, आणि तळी बांधणारे हातही तेच.

या तळ्यांची रचना बघण्यासारखी आहे. एका बाजूला मातीची पाळ, बाकी तीन बाजूंना जमीन हळूहळू चढत गेलेली. पाळीत पाणी सोडायचं तोंड, जुने लोक त्याला तुडूम म्हणतात. जास्तीचं पाणी जायला एका कडेला सांडवा. वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या बोडीत, तिचा खालच्या बांधीत. उथळ बाजूला आधी पाणी ओसरतं, तिथे देवधान आणि पाणगवत, मग लाखोळी, जवस. खोल बाजूला उन्हाळ्यातही गुरांपुरतं पाणी. ही उथळ बाजू म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. पक्षी, मासे, बेडूक, सगळे तिथेच राहतात. जेसीबी लावून चारही बाजूंनी सारखं खोल खणलं की पाणी जास्त मावतं हे खरं, पण तळं जाऊन टाकी होते. फारच खोल गेलं तर तळाचा चिकण मातीचा थर फुटून पाणी मुरून जातं, ते वेगळंच.

मालगुजारी संपली १९५० च्या कायद्याने, आणि ३१ मार्च १९५१ ला ही तळी सरकारजमा झाली. तेव्हा भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली, भंडारा तिकडे गेलं, आपण इथे राहिलो. जमीनदारी जाणं चांगलंच झालं, त्याबद्दल मला रडायचं नाही. मालगुजार काही सगळे धर्मात्मे नव्हते. पण तळ्याची पाळ दर उन्हाळ्यात कोण बुजवणार, गाळ कोण काढणार, पाणी कोण वाटणार, याची गावातली जी रीत होती ती हळूहळू सुटली. तळं सरकारचं झालं आणि सरकारचं म्हणजे कोणाचंच नाही, असं आपण मानून बसलो.

*अर्जुनी मोरगावात काय झालं*

आता हे माझ्या माहेरच्या बाजूचं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ नावाची संस्था तिकडे अनेक वर्षं तळ्यांचा अभ्यास करते. मनीष राजनकर हे त्यातलं मुख्य नाव. नावातच ‘अभ्यास’ आहे हे मला फार आवडतं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? साफसफाई नाही केली. धीवरांना विचारलं. पतीराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या मासेमाराकडून कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, कोणती कुठल्या खोलीवर वाढते, पूर्वी काय होतं आणि आता काय नाही, हे समजून घेतलं. ज्ञान त्यांच्याकडे होतंच, ते कोणी विचारलं नव्हतं.

मग काम सुरू झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावरचा बेशरम मुळासकट काढायचा. उघडी पडलेली तळाची जमीन नांगरायची, म्हणजे दबलेली माती मोकळी होते आणि राहिलेली मुळंही वर येतात. पावसाच्या तोंडाशी जिथून मिळतील तिथून देशी पाणवनस्पती आणून, धानाची रोवणी करतो तशी, त्या तळात लावायच्या. तळं भरलं की त्या उगवतात, मागून देशी मासे. अंडी घालायच्या दिवसांत जाळं टाकायचं नाही. या कामात बायकाही उतरल्या. निमगावच्या शालू कोल्हे यांनी धीवर समाजातल्या स्त्रियांना ग्रामसभेत बोलतं केलं आणि तळ्याच्या कामात पुढे आणलं. ज्या बायका आधी घाटावरही मागे उभ्या राहत, त्या तळ्याच्या निर्णयात बसू लागल्या.

तुम्ही म्हणाल, आपणही उन्हाळ्यातच उतरलो होतो, आपणही उपटलंच. फरक एवढाच की त्यांना माहीत होतं काय उपटायचं. बेशरम मूळचा अमेरिकेतल्या उष्ण भागातला, जलकुंभी दक्षिण अमेरिकेतली. इथे त्यांना खाणारं कोणी नाही, म्हणून त्या माजतात. कमळ, पोयनी, देवधान, पाण्यातलं हायड्रिलासारखं गवत इथलंच आहे, त्यांच्यावर जगणारे जीव इथलेच आहेत. आपल्याला दोन्ही ‘कचरा’ दिसले, कारण आपण घराच्या अंगणाच्या डोळ्याने तळ्याकडे पाहिलं. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, देशी गवतही फार माजलं तर काही भाग काढावा लागतो. पण किती आणि कुठलं, ते धीवर सांगतील, आपण नव्हे.

गाडगेबाबा आधी गावात झाडू मारत आणि मग रात्री कीर्तन करत, हे आपण नेहमी सांगतो. मी आता त्यात एक गोष्ट पाहते: झाडू रस्त्यावर होता, माणसाने केलेल्या घाणीवर. आपण झाडू घेऊन निसर्गाच्या घरात शिरलो.

*सारस*

थोडं सारसाबद्दल, कारण मुलं विचारतात. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत उंच हा पक्षी, माणसाच्या उंचीला येतो. आपल्या बालाघाटात आणि पलीकडे गोंदियात, वैनगंगा आणि बाघ नदीच्या खोऱ्यात त्यांची थोडी घरं उरली आहेत, दोन्ही जिल्हे मिळून शंभराच्या आत. ते उथळ पाण्यातले कंद खातात आणि धानाच्या बांधीत किंवा तळ्याच्या गवतात घरटं करतात. बहुतेक वेळा दोन अंडी, आणि महिनाभर आळीपाळीने उबवणं. घरट्यासाठी थोडा धान मोडतो म्हणून कोणी शेतकरी पूर्वी अंडी फोडायचे. गोंदियाच्या सेवा या संस्थेने शेतकऱ्यांनाच सारसमित्र केलं, घरट्यावर राखण त्यांचीच. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाचा विषय स्वतःहून हाती घेतला. विजेच्या तारा आणि शेतातली औषधं हे त्यांचे मोठे शत्रू आहेत, त्यावर आपल्या मंडळाचं काही चालत नाही. पण उथळ काठ राखणं आपल्या हातात आहे.

*रविवारचा प्रश्न*

आता मुद्द्याचं. एका गुरुबंधूंनी तळ्याच्या सुशोभनासाठी मोठी देणगी देऊ केली आहे. त्यांचा भाव शुद्ध आहे, यात मला शंका नाही, आणि हे लिहिताना ते हा पाठ वाचतील हेही माहीत आहे. काकाजी, रागावू नका. नकाशात चारही बाजूंनी सिमेंटची भिंत, वर फरश्या, विजेचे खांब, मध्ये कारंजं आणि गुरुदेवांच्या नावाची कमान आहे. चारही बाजूंनी भिंत झाली तर उथळ काठ संपला. गुरं पाण्याला उतरणार कुठून? धीवर जाळं ओढणार कुठून? देवधान उगवणार कशात? आणि वरच्या बांध्यांचं पाणी आत येणार कसं? भिंतीआड पाणी तुंबून मागच्या वस्तीत शिरेल, हे मागच्या आठवड्यात एका ताईंनी बोलूनही दाखवलं.

माझं मत असं की एक घाट बांधावा. पाळीच्या बाजूला, बायकांना कपडे धुवायला, आंघोळीला, आडोशाची भिंत आणि कपडे बदलायला खोली घालून. ही गरज खरी आहे, आजवर कोणी नकाशात घेतली नाही. बाकीचे तीन काठ मातीचेच ठेवावेत. राहिलेला पैसा पाळीची भगदाडं बुजवायला, तुडूम दुरुस्त करायला आणि नाली तळ्याआधी एका शोषखड्ड्यात वळवायला लावावा. कमान नको. तळ्याला नाव लागलं की पाच वर्षांनी त्याच्या रंगाचा खर्चही आपल्यावर येतो, हे मी गृहिणी म्हणून सांगते.

पण माझ्या मताआधी एक काम व्हायला हवं. तळं आपलं नाही, आपल्याला कोणी विचारलेलंही नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ मध्ये प्रत्येक गावासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतं. गावाच्या तळ्यातून पाणी कोण कसं घेई, मासे धरायची रीत काय, गुरांची वाट कुठून, असे गावाचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेले असतात. पटवाऱ्याकडे अर्ज केला तर त्याची नक्कल मिळते. बैठकीआधी ती आणावी, आणि ग्रामसभेत हा विषय ठेवावा. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जागांवरची, तळ्यांवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, ते आपल्यालाही लागू आहे. भक्तीने केलेलं अतिक्रमण हे अतिक्रमणच. सरकारी पैसाही या कामाला असतो. २४ एप्रिल २०२२ ला अमृत सरोवर योजना सुरू झाली, आणि २०२४ पासून आपल्या राज्यात जल गंगा संवर्धन अभियान दर उन्हाळ्यात चालतं. पंचायतीला आपण माणसं देऊ शकतो, ठेका पंचायतीने बघावा.

गडचिरोलीतलं मेंढा लेखा गाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे गावाचा निर्णय मतांनी नाही, सर्वसहमतीने होतो, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी थांबतात, समजून घेतात. वेळ फार जातो. पण नंतर कोणी पाळीवर एकटं बसून राहत नाही.

*या पंधरवड्याचा अभ्यास*

नेहमीसारखे प्रश्न देत नाही, कामं देते.

प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका साठीच्या पुढच्या माणसाला विचारायचं: तुमच्या लहानपणी या तळ्यात काय काय होतं? मासे, गवत, पक्षी, कांदे, शिंगाडे, जे आठवेल ते, त्यांच्याच शब्दांत, नाव पोवारीत असो की मराठीत की हिंदीत. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा, मी उतरवून घेते. आतापर्यंत माझ्याकडे बाबाजींची एकवीस नावं आली आहेत, त्यातली सात मला पुस्तकात सापडली नाहीत.

युवा सेवेकऱ्यांनी बेशरम कुठे कुठे आहे ते मोजून कागदावर आखून आणावं. कापू नये. मे महिन्यात मुळासकट काढू, काड्या पाळीवर न टाकता लांब कोरड्या जागी उन्हात वाळवू. कमळ आणि देवधान परत लावायचं आहे. त्याचे कांदे आणि बी धीवरांच्या पट्ट्यातल्या दुसऱ्या तळ्यातून, त्यांना विचारून आणि त्यांचा मोबदला देऊन आणायचं.

गणपतीबद्दल या वर्षी आधीच ठरवूया. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारलेल्या नियमांत प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नकोच म्हटलं आहे. आपल्या मंडळाची मूर्ती तळ्याच्या गाळाचीच करू, विसर्जन मोठ्या गंगाळात, आणि ती माती बागेत. मागच्या वेळी ‘परंपरा तुटेल’ म्हणून दोन काकू नाराज होत्या. त्यांच्याशी मी बोलले आहे. त्यांची अट एवढीच की गंगाळ तांब्याचं हवं. मिळेल.

आणि भंडारा. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या ताटल्या, पेले, चमचे देशभर बंद आहेत, हे मला त्या वेळीही माहीत होतं. कागदाच्या म्हणून मी पळवाट काढली. या वर्षी गुरुपौर्णिमेला पळसाच्या पानांच्या पत्रावळी. कटंगीच्या बाजूच्या एका बचतगटाशी बोलणं झालं आहे. भाव थोडा जास्त पडतो, म्हणून जिलेबी कमी करू. उष्टं आणि पत्रावळी सगळं आमच्या परसातल्या खड्ड्यात, मी स्वतः उभी राहून पाहीन. पाण्यासाठी पेले कोणीही विकत आणू नयेत.

बाबाजींना मी रविवारी बैठकीला बोलावलं आहे. पहिल्यांदा नाही म्हणाले. मग म्हणाले, “बसायले खुर्ची नको जी, मी खालीच बसतो.” आपण सगळेच खाली बसू. सतरंज्या मंदिरातून आणायच्या आहेत, कोणाकडे ट्रॉली मोकळी असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा. येताना प्रत्येकाने ताट आणि पेला घरून आणावा.

जय गुरुदेव 🙏